पेन्सिलीने पुसलेला चेहरा

बाबा, गाव तुम्हाला फोटोग्राफर म्हणायचं. मी खोटारडे म्हणते. सिंदीच्या स्टेशनसमोर तुमचा स्टुडिओ, आणि आत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल घेऊन वाकलेले तुम्ही. कोणाचा तीळ, कोणाचे देवीचे व्रण, पेन्सिलीच्या शिशानं भरून सगळं गुळगुळीत. आई विचारायची, "काऊन जी लोकाइचे चेहरे पुसून राह्यले?" तुमचं उत्तर ठरलेलं. "पाहणाऱ्याले जे बरं वाटते, तेच ठेवा लागते." वा रे शहाणपण!

माझ्या डोळ्याखालचा जन्माचा काळा चट्टाही तुम्ही उडवलात आणि तो फोटो आष्टीच्या स्थळाकडे धाडलात. पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते, तर मुलाची आई बघतच राहते. "फोटोतली पोरगी कुठी आहे जी?" आणि तुम्ही, सख्खा बाप, काय बोललात? "उन्हानं झालं जी, जाईल ते." पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. मला त्या बाईचा राग नाही आला. तुमची किळस आली.

आता मी नागपूरला, फोटोंना कमी जागा लागावी म्हणून ते आकसवणारे प्रोग्राम लिहिते. माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही ते फेकायचं, ही जुनी रीत. पण आता फोटो यंत्रही पाहतं, आणि ते चेहरा ओळखतं नेमकं त्या फेकलेल्या बारकाव्यांवरून. म्हणून दोघांनाही पुरेल एवढं राखायचं, हे माझं काम. साहेब म्हणतात, "लोकांना कुठे दिसतं? उडवा." त्यांच्या खुर्चीत मला तुम्हीच दिसता, आणि मी कडाकडा भांडते.

काल चाचणीसाठी तुमचा जुना फोटो वापरला. तुम्ही गेल्यावर एकच उरलाय, तुम्हीच काढलेला, तुम्हीच पेन्सिल फिरवलेला. लाइटचा स्टँड पडून भुवईवर झालेला खोल व्रण त्यात नाही. स्वतःलाही सोडलं नाहीत! म्हटलं, थांबा, तुमचा खरा चेहरा मीच परत आणते. झेरॉक्स काढली, पेन्सिल घेतली आणि तशीच बसून राहिले. हे पत्र त्याच झेरॉक्सच्या मागे लिहिलंय, ते कुठे जायचं नाही. त्या जखमेवर हळद मी दाबली होती, "हळू वं माय" म्हणत तुम्ही माझा हात धरला होता. पण डावी भुवई की उजवी, ते मला काही केल्या आठवत नाही, बाबा.