नवसाच्या चित्रातलं चुकीचं जहाज

मेस्सिना बंदर
‘पोनेन्ते’ विनाशिकेचं स्वयंपाकघर
मार्च १९४२

तीर्थरूप आर्जियामावशीला, तिच्या बहिणीच्या पोराचा, म्हणजेच तिच्या घरातल्या दोन नंबरच्या मुलाचा, गीनोचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांचे मुके.

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? आणि ती तांबडी कोंबडी अजून अंडी देते, की शेवटी तिचाच रस्सा झाला? एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, म्हणजे तू उगाच चष्मा शोधताना घाबरणार नाहीस. तुझा पोटचा पोर, फोस्को, सुखरूप आहे. हातपाय जागेवर, भूक जागेवर, तोंड तर नको तितकं जागेवर. मीही बरा आहे (तू विचारणारच होतीस, मला खात्री आहे). हे पत्र टपालाने पाठवत नाही, कारण टपालातली पत्रं फोडून वाचणारे साहेब निम्मा मजकूर काळा करतात आणि मला आज एक अक्षरसुद्धा काळं झालेलं चालणार नाही. आमच्या बॉयलरवरचा इलिओ रजेवर लिव्होर्नोला निघालाय, तो बुटात घालून आणेल. कागदाला वास आला तर तो इलिओचा, माझा नव्हे. मी उलट्या पातेल्यावर बसून लिहितोय, कारण माझ्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, बसायला जागा नाही. का नाही, ते शेवटी सांगेन. आधी मुद्द्याचं बोलू.

मावशी, ते चित्र बदल. मागच्या रजेत मी आदेमारो चित्रकाराच्या दुकानात गेलो आणि तू मोंतेनेरोच्या डोंगरावरच्या मादोन्नामातेला वाहण्यासाठी काढून घेतलेलं नवसाचं चित्र माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. खवळलेला समुद्र आहे, जळणारं मालवाहू जहाज आहे, आणि त्याला वाचवायला धावलेल्या विनाशिकेच्या नाकावर हाताएवढ्या अक्षरांत फोस्कोच्या जहाजाचं नाव, ‘लेव्हान्ते’, लिहिलंय. पुढे उभा कोण? तर फोस्को. हातात दोर, छाती पुढे, आणि एवढ्या वादळात केसांचा भांग जागचा हललेला नाही! वर ढगात मादोन्ना, तीही त्याच्याकडेच बघतेय. आणि मी कुठे आहे? मी आदेमारोला हेच विचारलं. तो म्हणाला, तू नाहीस, पण डाव्या कोपऱ्यात जागा उरली म्हणून मी एक डॉल्फिन काढलाय. मावशी, माझ्या जागेवर मासा आहे.

आता खरं ऐक. जानेवारीत त्या जळत्या जहाजाला भिडली ती लेव्हान्ते नव्हतीच, आमची पोनेन्ते होती. आमच्या कप्तानाने अंग घासत तिला त्याच्या कुशीला लावलं, आमची एक बाजू होरपळून निघाली, आणि दोर ओढून ओढून माझ्या तळव्यांची सालं निघाली (वर त्याच हातांनी वाचलेल्या सगळ्यांना गरम रस्सा वाढला, तो वेगळाच). लेव्हान्ते त्या दिवशी तारान्तोच्या गोदीत इंजिन उघडून पडली होती, आणि फोस्को तिच्या डेकवर उन्हात संत्री खात पत्ते कुटत होता. पण दोघी सख्ख्या बहिणी, दिसायला डिट्टो एकसारख्या. वर्तमानपत्रवाल्याने फोटो आमचा छापला आणि खाली नाव घातलं तिचं. तू ते कात्रण घेऊन तडक आदेमारोकडे गेलीस. मी फोस्कोला म्हटलं, तू आईला खरं का सांगत नाहीस? तर म्हणतो कसा, ‘अरे गीनो, मादोन्नाला ठाऊक आहे ना, मग झालं तर!’ मादोन्नाला ठाऊक आहे, मावशी, पण मादोन्ना मासळीच्या रांगेत उभी राहून शेजारणींना सांगत नाही. ते तू सांगतेस. आणि ईस्टरला ते चित्र एकदा डोंगरावर चढलं आणि देवळाच्या भिंतीला लागलं की मी मेलो तरी ते खाली उतरणार नाही.

तू म्हणशील, एवढ्याशा चित्रावरून पोर केवढं जळतंय. जळतोच आहे. पण एका चित्रावरून नाही, सुरुवातीपासून. काकांनाच विचार. गोदीत दोन्ही जहाजं शेजारीशेजारी बांधत होते, पण काका रिव्हेट ठोकायला लेव्हान्तेवर होते, म्हणून ती ‘आमची पोरगी’ आणि आमची पोनेन्ते ती ‘शेजारची’. लेव्हान्तेला पाण्यात सोडायला खरीखुरी काउंटेस आली. पहिल्या फटक्यात बाटली फुटली, टाळ्या काय, बँड काय! आमच्या नशिबी कुठल्याशा बंदर अधिकाऱ्याची सासू. तिची बाटली दोनदा टणकन् उसळून परत आली आणि तिसऱ्यांदा फोरमनच्या टोपीवर फुटली. मग वेगाची चाचणी. ही चाचणी कशी असते ते तुला काकांनी कधी सांगितलं नसेल. तोफा किनाऱ्यावर, टॉर्पेडो किनाऱ्यावर, तेल जेमतेम परत येण्यापुरतं, कोठार रिकामं, आचारीसुद्धा किनाऱ्यावर (माझं वजन मोजून मला उतरवलं होतं, मी विसरलेलो नाही). फोटो काढताना आपली रोझाआत्या पोट आत ओढून उभी राहते ना, तशातली गत. अशा रिकाम्या पोटी लेव्हान्ते एकोणचाळीस नॉट धावली आणि आमची त्याहून एक केसभर कमी. पुढे तोफा चढल्या, माणसं चढली, मी चढलो, आणि तो वेग दोघींनाही पुन्हा स्वप्नातसुद्धा दिसला नाही. पण फोस्को अजून प्रत्येक जेवणात ते एकोणचाळीस काढतोच.

आणि जहाज तरी कसं बांधलंय! लांबच लांब, कमरेत बारीक, एकच धुराडं, आणि डोक्यावर तोफांच्या जोड्या लादलेल्या. सगळा जीव वेगात ओतला आणि तोल देवावर सोडला. पहिल्या वादळात आम्ही वळण घेतलं, तर जहाज एका कुशीवर जे कलंडलं ते उठायचं नावच घेईना. माझं शेंगदाण्याएवढ्या घेवड्याचं सूप छताला लागलं आणि तिथून दुसऱ्या नंबरच्या साहेबाच्या खांद्यावर उतरलं. घेवड्याचे दाणे त्याच्या पदकांत जाऊन बसले. मग वरून हुकूम आला, दोघींच्या तळाला लोखंड भरा. लेव्हान्तेला चांगलं ओतीव, चौकोनी, नीट रचलेलं लोखंड मिळालं. आम्हाला? गोदीत उरलेलं भंगार! एका बिछान्याचा लोखंडी पायसुद्धा निघाला त्यात. तेल संपत आलं की तळ हलका होतो म्हणून रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं. मग पाणी तेलात शिरतं, बॉयलर काकांसारखे खोकतात, आणि कप्तान मलाच बोल लावतो, जणू काही मीच मीठ जास्त घातलंय.

लढाई लागली त्या उन्हाळ्यात आपल्याच विमानांनी आपल्याच जहाजांवर बाँब टाकले, ते तुझ्या कानावर आलं असेलच (लागला एकही नाही, त्याचा आनंद मानायचा की लाज, हे अजून कुणी ठरवलेलं नाही). त्यानंतर सगळ्या जहाजांच्या नाकावर लाल-पांढरे तिरके पट्टे रंगवायचा हुकूम निघाला, म्हणजे वरून आपलं माणूस ओळखू यावं. फोस्कोने दोरी ताणून, खडूने आखून पट्टे मारले. ॲडमिरल बघायला आले आणि त्याची पाठ थोपटून गेले. आमच्याकडचे पट्टे मी, इलिओ आणि एक भोवळ आलेला तारयंत्रावरचा पोरगा, अशा तिघांनी मारले. समोरून बघितलं तर जहाजाने पायजमा घातल्यासारखं दिसतं. तारान्तोत आमच्या शेजारून जाताना लेव्हान्तेची पोरं कायम विचारायची, ‘काय गीनो, उठलात का? दात घासले का?’ अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

आणि घरचं काढू का? काढतोच. हरभऱ्याच्या पिठाच्या तोर्त्याचा कुरकुरीत कडेचा तुकडा कायम कुणाच्या पानात पडायचा? आर्देन्झाच्या खडकांवरून सूर कोण मारायचा, आणि वर उन्हात बसून त्याची पँट कोण राखायचं? मी. सगळं बालपण मी त्याची पँट राखत बसलो, म्हणून मला पोहायला आलं नाही. (ही गोष्ट नौदलाला अजून माहीत नाही, तू बोलू नकोस.) तो तोफेवर गेला, मी चुलीवर. त्याला सलाम, मला कांदे. तू मला कधी परकं म्हटलं नाहीस, मावशी, आई गेल्यावर माझं अंथरूण तू तुझ्या पोराच्या शेजारीच घातलंस, हे मी कसं विसरेन? पण तो दाराशी आला की तुझा चेहरा जसा होतो, तसा मी आलो की एकदा तरी व्हावा, एवढंच मला हवंय. म्हणून चित्रातलं नाव बदल. पोनेन्ते लिही. आणि तो मासा काढून तिथे मला घाल. आदेमारो कुरकुरला तर म्हणावं, रंग मी देतो. आमच्याकडे लाल आणि पांढरा पुष्कळ उरलाय.

काकांना नमस्कार, कोंबडी असल्यास तिलाही.

तुझाच, दोन नंबरचा,
गीनो

ता. क. आता बंकची गोष्ट. तू बसली आहेस ना? बस आधी. माझ्या बंकवर तुझा फोस्को झोपलाय. लेव्हान्ते आता नाही, मावशी. परवा सकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून रिकामी जहाजं परत आणत होतो, ती आमच्या पुढे होती (नेहमीसारखी पुढेच). टॉर्पेडो लागला, मधोमध मोडली, आणि माझी चूल विझवून मी डेकवर येईपर्यंत अर्धी गेली होती. काकांना जपून सांग. त्यांचे रिव्हेट शेवटपर्यंत सुटले नाहीत असं सांग. मला ठाऊक नाही, पण सांग. तिच्यावरचे सगळेच काही परत आले नाहीत. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, त्यांनाही मावश्या आहेत. आमच्या कप्तानाने जहाज थांबवलं, आणि तेलाने काळ्या झालेल्या डोक्यांत मला फोस्कोचं डोकं दिसलं. मी दोर टाकला आणि त्याला वर काढला. एवढंच. तेव्हा जुन्या चित्राचा वाद मिटला, ते फाडून टाक. नवं काढायला सांग: पोनेन्तेच्या डेकवर गीनो, हातात दोर, छाती पुढे, खाली पाण्यात फोस्को, जरा लहान. भांग विस्कटलेला.

ता. क. आई, मी फोस्को. गीनो वाढायला गेलाय म्हणून घाईत लिहितोय. दोर गीनोने टाकला हे अगदी खरं आहे. फक्त दोराचं दुसरं टोक आपल्या हातात धरायचं असतं, ते तो विसरला. सगळा दोर पाण्यात गेला, आणि त्याच्या मागोमाग गीनोही आला, ॲप्रनसकट. त्याला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे. आई, खरं सांगू? माझ्या हातांतलं बळ संपलं होतं. डोळे मिटून मी सोडून द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात हा माझ्या कानाशी बोंबलला, ‘मावशीला काय सांगू रे, मावशीला काय सांगू!’ आणि तिथेच बुडायला लागला. मग काय करतोस? मारले हातपाय, धरलं त्याला मानेला, ते बोट येईपर्यंत. तो आला नसता तर मी नसतो. पण हे त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

ता. क. पुन्हा मी, गीनो. वाचलं मी. पातेल्याखाली लपवून ठेवलं तर मला सापडणार नाही, असं वाटलं गाढवाला. म्हणजे इथेही वाचवणारा तोच! आणि काल सगळ्या जहाजाने त्याला खांद्यावर घेतलं, माझ्या चुलीजवळची ऊबदार जागा त्याला दिली, माझ्या हातचा रस्सा त्याला तीन वेळा वाढला. असो. आदेमारोला सांग, आम्हा दोघांनाही पाण्यातच दाखव. कोण कोणाला धरून आहे, ते नीट कळू देऊ नको. जहाजावरचं नाव लेव्हान्तेच राहू दे, तिला आता दुसरीकडे कुठे लिहिणार? डॉल्फिनही राहू दे बिचारा. आणि इलिओ परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर फोस्कोची एक पँट पाठव. त्याची समुद्रात गेली, तो माझी घालून हिंडतोय, आणि अख्खं जहाज म्हणतंय की ती त्यालाच जास्त शोभते.