जुना करार

राजेगाव, १२ मार्च १९६३

तीर्थरूप दादाजीभाऊ,
लहान्या महागूचा दंडवत.

पाय मोडून मी मिशनच्या दवाखान्यात पडलतो. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती मास्तर होते. त्यायनं पुस्तक उघडून इचारलं, "जुना करार वाचू का?" मले घामच फुटला. वाटलं, आपल्या वाटणीचा कागद यायच्या हाती लागला! ते तं यहुदी लोकायचं शास्त्र निघालं. पन त्यातबी वावराच्या धुऱ्याचा, हद्दीचा गोटा सरकवनाऱ्याले शाप हाये.

भाऊ, आपल्या धुऱ्याचा गोटा मीच पाच हात तुमच्या वावरात सरकवला, अन् पंचासमोर बेलभंडारा उचलून खोटं बोललो. मंग देवीले बोकड देल्ला, वाटलं फिटलं. मास्तरले हे सांगतलं तं ते म्हनले, "बोकड नंतर. आधी ज्याचं त्याले परत दे, वर पाचवा हिस्सा दे, अन् तोंडानं कबूल कर."

आज गोटा उपटून सहा हात मांगं गाडला. बायको म्हने, "एक हात जास्त काहून?" म्हनलं, "तो खोट्या शपथेचा."

ही चिठ्ठी टाकत नाही. कबुली तोंडानं द्याची हाये. उद्याच्या मोटरीनं लांजीले तुमच्या घरी येऊन राह्यलो. दार लावलं तं रस्त्यावरून वरडून सांगीन, सारं गाव आयको.

तुमचा चोर भाऊ,
महागू