कडेच्या भिंतीवरची घोडेस्वारीण

बिश्केक, ८ मे २०१७

ती. आजीस,
बेगिमायचा वाकून सलाम. वि. वि.

हे पत्र रिस्पेकमामाच्या व्हॅनने पाठवतेय. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि अर्धं ऐकत नाहीस, म्हणून.

औषधाच्या दुकानाला रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी मी सोव्हिएत काळातली भिंतीचित्रं शोधत शहरभर हिंडते. तरणतलावावर निळे पोहणारे सापडले, त्यांच्याहून मासेच मोठे आहेत. एका शाळेवर ठोकीव तांब्याचा अंतराळवीर आहे, तो पावसाने हिरवा पडलाय. पण काल मी चुकीच्या थांब्यावर उतरले आणि माझं नशीबच उघडलं. झाडांमागे पाचमजली इमारत, तिची कडेची अख्खी भिंत रंगीत काचेच्या तुकड्यांची. पांढऱ्या घोड्यावर रिकिबीत उभी राहिलेली बाई, पायाशी सफरचंदं, डोक्यावर अग्निबाण. ऊन सरकलं की घोडा चालायला लागतो. आजी, मी रस्त्यात उभी राहून हसत होते.

आता वाईट बातमी, इमारतीच्या दारावरच्या नोटिशीत वाचलेली. थंडी अडवायला पालिका या उन्हाळ्यात त्या भिंतीवर फोमचे जाड पत्रे चिकटवणार आणि वर पिवळा गिलावा. रहिवासी नको म्हणाले तरच थांबेल. २८ तारखेला त्यांची बैठक आहे. इमारतीचा कारभार बुरुलताई बघतात, तिसऱ्या मजल्यावर, त्याच भिंतीला लागून राहतात. सगळे त्यांचं ऐकतात. मी लगेच वर जाऊन त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्या नानची ताटली घेऊन आल्या, पण फोटोसाठी ऊन जाईल म्हणून मी हात हलवून खाली पळाले. आज कामावर जाताना मुद्दाम तिकडून गेले, त्यांना सलाम केला तर तोंड फिरवलं. शहरातली माणसं उगाच फुगतात.

उत्तर लवकर दे, माया आहे तशीच राहू दे.
तुझी बेगिमाय


काराकोल, ११ मे २०१७

चि. बेगिमायस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी घोडेस्वारीण छान असेल. तुझ्या आजोबांना एक मेच्या मिरवणुकीत असल्याच चित्रांखाली उभं करायचे. चित्रातल्या कामगारांचे जबडे पाहून ते म्हणायचे, एवढा जबडा असता तर मी सायबालाच खाल्ला असता.

पण दाराशी आणलेल्या नानचा तुकडा न मोडता तू निघालीस? तुला मी वाढवलं की ट्रॉलीबसने? घाईतल्या माणसालासुद्धा घास मोडता यावा म्हणून तर बाई नान दारापर्यंत आणते. तो नाकारणं म्हणजे तुमच्या घराशी आमचं नातं नको असं सांगणं. फुगल्या त्या बरोबरच फुगल्या. आणि वर काय मागून आलीस, तर तुमची भिंत.

उद्याच जा. नान खा, चहा पी, दुसरा कप घे. त्यांना फोम कशाला हवाय ते विचार. हौस म्हणून कोणी भिंतीला रजई घालत नाही. त्या स्वतः काढेपर्यंत घोड्याचं नाव काढू नकोस.

मेंढ्यांची लोकर कातरून झाली. कुबातमामाने कुरणावर न्यायला ताडपत्रीचा तंबू घेतलाय, त्याला शहाणपण लवकर येवो.
तुला ओरडणारी, तरी तुझीच,
आजी


बिश्केक, १५ मे २०१७

ती. आजीस,
नान खाऊन आलेल्या नातीचा सलाम. वि. वि.

बुरुलताईंनी पहिला अर्धा तास मला नुसतं औषधवाली म्हटलं. दुसऱ्या कपाला जर्दाळूचा मुरंबा आला. मग त्यांनी माझा हात धरून कडेच्या भिंतीवर ठेवला. मे महिन्यातही ओल होती. पलंग खोलीच्या मध्यावर ओढलेला, भिंतीवरचा गालिचा मागून कुजलेला. जानेवारीत त्या ओव्हरकोट घालून झोपतात. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंचा खोकला वसंत आला तरी जात नाही. म्हणाल्या, तुझा घोडा बाहेर उन्हात आणि मी आत बर्फात, आता मी कुणाची बाजू घेऊ ते तूच सांग.  

चहा ओतताना त्यांनी विचारलं की तुमच्याकडे डोंगरात थंडीचं काय करता. आणि आजी, माझ्या अंगावर काटाच आला. कुरणावरच्या आपल्या तंबूला भिंत म्हणून लोकर दाबून केलेला जाड नमदाच असतो ना? त्यात मी कधी गारठले नाही. मी विचारलं, आतून नमदा लावला तर? त्या हसल्या, म्हणाल्या, मला मेंढी करतेस की काय. पण लगेच इमारतीच्या सुताराला हाक मारली. तो म्हणतो, आधी लाकडी पट्ट्या मारायच्या, मागून हवा खेळू द्यायची, मग ओल धरणार नाही.

त्या भिंतीला लागून मजल्याला एक अशी पाच घरं आहेत, तेवढ्यांपुरता नमदा लागेल. बैठकीआधी मिळेल का? मला झोप येत नाही.
तुझ्या भरवशावरची,
बेगिमाय


काराकोल, २३ मे २०१७

चि. बेगिमायस,
दुखऱ्या हातांचे आशीर्वाद. वि. वि.

मिळेल का म्हणे. गल्लीत अशरची हाक दिली, म्हणजे कामाला या आणि जेवून जा, पैशाचं नाव नाही. बायका आल्या, त्यांच्या सुनाही आल्या. चटईवर लोकर पसरली, कढत पाणी ओतलं, गुंडाळून पायांनी लोळवली. शेजारची तुर्सुन विचारते, लग्न कोणाचं. म्हटलं, भिंतीचं. मग दिवसभर त्या भिंतीचीच थट्टा चालली, नवरा घोड्यावर बसून येणार का वगैरे. इतकी मजा किती वर्षांत आली नव्हती.

कुबातमामाच्या जुन्या तंबूचे नमदेही घातलेत. तो कुरकुरला, पण व्हॅनच्या टपावर बांधले त्यानेच. कसर लागू नये म्हणून घड्यांत वाळका कडू दवणा आहे, तो फेकू नकोस. बुरुलला सांग, नमद्याने भागणार नाही अशी शंका असेल तर मोकळेपणी बोल. गारठलीस तर माझ्या नातीचा मुलाहिजा ठेवू नकोस.
कंबर धरून बसलेली,
आजी


बिश्केक, ३० मे २०१७

आदरणीय थोरल्या ताईंस,
न भेटलेल्या बुरुलचा सलाम. वि. वि.

शनिवारी आमच्याकडेही अशर झाली. पाचही खोल्यांना आतून नमदा लागला. माझ्या घराला कुरणाचा वास येतो आणि मांजर भिंतीवरून खाली उतरत नाही.

तुम्ही मोकळेपणी बोल म्हणालात म्हणून सांगते. तरीही मी बैठकीत फोमच मागणार होते. फोम फुकट मिळतोय, खात्रीचा आहे, आणि नमद्याची परीक्षा जानेवारीशिवाय होत नाही. रविवारी सकाळी ठेकेदाराचा माणूस मोजमापाला आला. भिंतीची चीर कुठे ते दाखवायला त्याने मला रस्त्यापलीकडे बोलावलं. ताई, मी या घरात लग्न होऊन आले, पण त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. तिकडे गॅरेजवालेच जातात. घोड्यावर बाई आहे एवढं ऐकून होते. बरोबर आलेल्या बेगिमायने बोट दाखवलं, माझी खोली बाईच्या गुडघ्यामागे आहे, जाऊबाईंची घोड्याच्या छातीमागे. मी चीर दाखवायची विसरले. तो माणूस मोजपट्टी धरून उभाच राहिला.

बैठकीत मी म्हटलं, मला एक हिवाळा द्या. गारठले तर फोमसाठी पहिला हात माझा वर होईल. वरच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणाला, बुरुल गारठली तर इमारतभर ऐकू येईल, थर्मामीटर नको. लोक हसले आणि हात वर झाले. भिंत वर्षभर तशीच राहणार. बेगिमाय माझ्या गळ्यात पडून रडली आणि माझा नवा रुमाल भिजवला.

आता दूध आणायला मी पलीकडच्या रस्त्याने जाते. लांब पडतं. जाऊबाई विचारतात, एवढा वळसा कशाला. काल त्यांनाही बरोबर नेलं.

माया जोडलीत, ती हिवाळ्यात जास्त लागेल, तोवर आटू देऊ नका.
तुमची धाकटी,
बुरुल