चेष्टा

आई,

तुमचा डोळा लागलाय म्हणून उठवत नाही. मी ढोलकी घेऊन लष्करी छावणीतल्या कला-मेळाव्याला पुढे जाते. आमटी झाकून ठेवलीय. हे बँकेतून आले की तुम्हाला स्कूटरवरून घेऊन येतील.

लोक हसले म्हणून आज येणार नाही म्हणालात, ते ऐकलं. काल मी वाजवायच्या आधी निवेदक म्हणाले, "सरोजजी ने बिना गुरु के सीखने की चेष्टा की है," आणि तुम्ही भर मंडपात उठून त्यांना खडसावलंत, "माझ्या सुनेची चेष्टा करता होय?" आई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. बिचारे कौतुकच करत होते. मी त्यांना मराठीतला अर्थ सांगितला तेव्हा पोट धरून हसले आणि म्हणाले, "माताजी को कल सबसे आगे बिठाइए." त्यामुळे लाजायचं कारण नाही.

माझ्या ढोलकीला तुम्ही घरी डबे बडवणं म्हणता. ते लागतं, खोटं कशाला बोलू. पण काल तुम्ही उठलात आणि मी तुमच्याकडे बघूनच पहिली थाप मारली. या घरात आल्यापासून माझ्या बाजूनं चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही बोललात, तेही शब्द चुकीचा समजून.

आज तुम्ही समोर नसलात तर पहिली थाप कुणाकडे बघून मारू?

सरोज