बाणाच्या टोकाला घर

ताई,
नमस्कार, आणि पोरांना पापे.

जेवण वेळेवर मिळतं, बूटही नवे दिलेत. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं नको.

बाबांच्याच जागेवर, डोंगरवाटांच्या देखरेखीसाठी, ऑफिसने मला बाबांबरोबर सापडलेलाच जीपीएस दिलाय. आधीच्या माणसाची ठिकाणं पुसून मग तो वापरायचा असतो, पण माझ्या जिवावर आलं. परवा धुक्यात वाट चुकलो, म्हणून त्यात 'घर' निवडलं. वाटलं, चौकीवर नेईल. बाणाने मला माथ्यावरच्या एका सपाट दगडाशी आणून सोडलं. अख्ख्या डोंगरात फोनला रेंज तिथेच येते. बाबा रोज संध्याकाळी सहाला फोनवर 'घरून बोलतोय' म्हणायचे, ते इथूनच.

त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या चालण्याची रेघही त्यात आहे. सहाला ते दगडाशी आलेत, आठपर्यंत तिथेच थांबलेत. मग अंधारात निघालेत, आणि रेघ कड्यापाशी संपते.

आई म्हणते, त्या दिवशी फोन आलाच नाही. तिचा फोन तेव्हा तुझ्याकडे होता ना?

रागाने विचारत नाही. मीही आता रोज सहाला त्या दगडावर असतो. तुझा फोन आला की खाली उतरतो.

तुझा धाकटा