घागऱ्यातली मुलगी

बोरखेडी, ता. राळेगाव
दि. १० डिसेंबर २००६

प्रिय ममताताईस,

सप्रेम जय भीम. आम्ही सर्व ठीक आहोत. वणीला प्रेमसिंगभाऊजींचा ट्रक आणि आमचा छोटा भाचा, दोघेही नीट चालत असतील अशी आशा करतो. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, मग उतरवलं, म्हणून अक्षर बरं आहे. एक गोष्ट तुला लगेच सांगावीशी वाटते, पण ती आधी सांगितली तर तू बाकीचं वाचणार नाहीस. म्हणून क्रमानेच लिहितो.

राळेगावचे देवीलाल फोटोवाले आठवतात? मी बसतो त्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच त्यांचा स्टुडिओ होता. तो त्यांनी आता बंद केला. जाताना मला पत्र्याची एक पेटी दिली. म्हणाले, "तुमच्या गावचे अन् तांड्यावरचे फोटो हायेत. माह्या घरी त्यायले कोण ओळखते? घेऊन जा." आपल्या जन्माच्या कितीतरी आधी ते सायकलला कॅमेरा बांधून आपल्याकडे यायचे, तेव्हाचे हे फोटो.

काल विहारासमोरच्या ओट्यावर सतरंजी टाकून मी ते मांडले. कोणी येईल की नाही याची धाकधूक होती. हल्ली गावात कॅमेरेवाले आले की लोक दारं लोटून घेतात. कापूस बुडून शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्यापासून त्यांना रडणारीच माणसं हवी असतात. मागच्या वर्षी आईने एकाला चहा दिला, तर तो म्हणाला, मावशी, जरा हसू नका. पण हे फोटो बघायला दुपारपर्यंत अख्खं गाव जमलं. वेचणी सोडून तांडाही आला.

सुरुवातीलाच घोटाळा झाला. तुळसाबाईंनी एक फोटो उचलला आणि डोळ्याला पदर लावला. "हे माहे मालक. कोटावरून ओळखलं म्या." मी मागे पेन्सिलने नाव लिहिलं. पुढच्या फोटोत तोच कोट. त्याच्या पुढच्यातही तोच. देवीलाल एकच कोट सोबत आणायचे आणि फोटोपुरता प्रत्येकाला घालायला द्यायचे, हे सगळे विसरून गेले होते. जो तो कोट पाहून आपला म्हातारा उचलत होता.

"तुळसाबाई, किती मालक होते वो तुले?" मागून कोणीतरी विचारलं.

"कोट एवढा चांगला असन तर मी कायले नाही म्हणू?"

सगळा ओटा हसत सुटला. मी मात्र नावं खोडून खोडून घामाघूम झालो. मग मी नियम केला. तीन जणांनी मोठ्याने नाव घेतलं, तरच लिहायचं.

आता मुख्य गोष्ट. एका फोटोत बैलगाडी आहे, गाडीत कापसाचा ढीग, आणि त्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. आरशांचा घागरा, तोंडभर हसू, पुढचा दात पडलेला. तुझ्या सासूबाईंनी, मानीबाईंनी, बघताक्षणी बोट ठेवलं. "थे मी होय." तांड्यावरच्या आणखी एका म्हातारीने मान डोलावली. दोन झाले. मी तिसऱ्याची वाट बघत होतो, तेवढ्यात बाबा आले.

ताई, तू प्रेमसिंगभाऊजींशी लग्न केल्यापासून बाबा मानीबाईंशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. घरात तुझं नावही कोणी घेत नाही. हे मी पत्रात कधी लिहिलं नाही. दर वेळी 'सर्व ठीक' लिहून पुढे जात आलो.

बाबांना बघून लोकांनी सरकून जागा दिली. ते सतरंजीच्या कडेला टेकले. नेमका तोच फोटो उचलला, बराच वेळ बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"हे आमची ममता होय."

अंगात बंजाऱ्यांचा घागरा, आणि फोटो तू जन्मायच्या आधीचा. खरं सांगावं तर चारचौघांत बाबांचा अपमान, न सांगावं तर फोटोमागे खोटं नाव. मी मानीबाईंकडे पाहिलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "व्हय तर. ममताच होय."

"म्या बी ओळखली," तुळसाबाई म्हणाल्या. "हसणं थेच हाये."

तीन आवाज झाले. मी तुझं नाव लिहिलं.

घरी येताना मी म्हटलं, "बाबा, थो फोटो..."

"मले मोतीबिंदू झाला, आंधळा नाही झालो. मानीचा बाप अन् माहा बाप, दोघायच्या वावरांचा धुरा एक होता. थे गाडी आमचीच होय. उद्या तिचं नाव लिहून टाक."

"मंग ममता काहून म्हटलं?"

"चार लोकांत पोरीचं नाव घ्याचं होतं. एवढ्या वर्षांनी नुसतंच कसं घेऊ? काही निमित्त तर पाह्यजे." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "तू तिले पत्रं टाकतं, थे बी ठाऊक हाये मले. लिही तिले, वेचणी उरकली का ये म्हणा."

मी भीत भीत विचारलं, "अन् भाऊजी?"

"थो काय ट्रक घेऊन बाहेर उभा राहीन?"

हे ऐकून आईने तव्यावरची भाकर जळू दिली आणि तीच जळकी भाकर बाबांना वाढली. बाबांनी मुकाट्याने खाल्ली.

आज सकाळी मानीबाई घरी आल्या. बाबांनी स्वतः खाट टाकली. मी फोटोमागे त्यांचं नाव लिहिलं, पण तुझं त्यांनी खोडू दिलं नाही. "राहू दे दोन्ही," म्हणाल्या. मग गाडीच्या बैलांची नावं काय होती, यावरून दोघांचं जोरदार भांडण जुंपलं. ती नावं मी लिहिली नाहीत. दोनच आवाज होते, आणि तेही वेगवेगळे.

खालचा मजकूर बाबांचा आहे. पेन मी धरलेला नाही आणि त्यांचं एकही अक्षर दुरुस्त केलेलं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मरत्न

ममता ये. पोट्ट्याले आन. जावयाले बी.
तुहा बाबा
धर्मपाल