अधिक ०.९

४ मार्च
तो मास्टर थर्मामीटर आज आमच्या प्रयोगशाळेत वार्षिक तपासणीला परत आला. पेटीच्या झाकणावर अजून त्याचंच अक्षर — ‘हळू धरा’. मला काही झालं नाही. नंबर जुळवला, स्थिर तापमानाच्या पाण्यात सोडला. पाणी ४.१, थर्मामीटर म्हणतो ५.०. म्हणजे ०.९ जास्त दाखवतो. गेल्या वर्षीही एवढाच फरक होता का? उद्या फाइल काढते.

५ मार्च
जुनं सर्टिफिकेट. सही माझी. थर्मामीटर जास्त दाखवतो, म्हणजे आकड्यातून ०.९ वजा करायचे. दुरुस्तीच्या रकान्यात मी लिहिलंय: +०.९.
तीनदा वाचलं. अधिकच आहे.

६ मार्च
लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.
झाकणावर ज्याचं अक्षर आहे, तो औषधांच्या शीतगृहात मेकॅनिक होता. हाच थर्मामीटर आणि माझं सर्टिफिकेट घेऊन त्याने तिथलं तापमान लावलं. चार अंश हवं होतं, लागलं २.२. पंख्यासमोरच्या कप्प्यात तर शून्याखाली. बाटल्या गोठल्या, सगळा साठा फेकावा लागला. गेल्या वर्षी १४ एप्रिलला चौकशी झाली. निष्कर्ष — मेकॅनिकचा हलगर्जीपणा, फरक १.८ अंश. नोकरी गेली.
१.८! हा आकडा मी तेव्हाही ऐकला होता. वजा करायच्या जागी मिळवलं की फरक बरोबर दुप्पट पडतो. पहिल्या वर्षाला शिकणारी पोरंही ओळखतील. मी वर्षभर ओळखला नाही, कारण बघितलंच नाही.
१६ एप्रिलला तो आमच्या जिन्यात उभा होता. म्हणाला, “तुझा कागद परत बघशील? फक्त एकदा.”
मी म्हणाले, “माझ्या कागदात चूक नसते. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस.”
तो जरासा हसला. “बरं,” म्हणाला. चार पायऱ्या उतरला आणि थांबला. मी दार लावून घेतलं.
तीन वर्षं. लग्नाची तेवढी तारीख ठरायची राहिली होती.

७ मार्च
ताई म्हणाली, “काय गं, तोंड का असं? ताप आहे का, बघू? नाही, नको. तू आधी थर्मामीटरचं सर्टिफिकेट मागशील!” एरवी हसले असते. आज सगळं सांगून टाकलं. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.
“आणि आपण त्याला काय काय बोललो गं!”
‘आपण’ म्हणाली. ‘तू’ नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

९ मार्च
साहेबांना सांगितलं. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना मागे ‘दशांश’ म्हणतो — चहात दीड चमचा साखर हवी असली तरी ‘एक पॉइंट पाच’ मागतात.
“वर्ष झालं. कोणी तक्रार केलीय?”
“नाही सर.”
“मग यंदाचं नीट लिही आणि विषय मिटव. सहायक प्रमुखपदासाठी तुझं नाव वर गेलंय, माहीत आहे ना?”
“माहीत आहे. पण चूक झाकायची नसते. एक रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची. तुम्हीच शिकवलंत.”
बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “बावळट आहेस.” आणि सुधारित सर्टिफिकेटचा फॉर्म कपाटातून स्वतः काढून दिला.

१२ मार्च
शीतगृहाला सुधारित सर्टिफिकेट गेलं. सोबत पत्र — चौकशीतला १.८ अंशांचा फरक पूर्णपणे माझ्या नोंदीमुळे. मेकॅनिकने कागदाप्रमाणेच काम केलं. दुसरं वाक्य दशांशनी गाळायला सांगितलं होतं. ठेवलं.
माझं नाव बढतीच्या यादीतून काढलंय. अपेक्षित होतं.

१४ मार्च
त्याला पत्र लिहायला बसले. पाच मसुदे. पाचही अहवालासारखे. फाडले.

१५ मार्च
शेवटी सर्टिफिकेटची प्रत घेऊन स्वतःच गेले. त्याने फ्रिजदुरुस्तीचं दुकान टाकलंय. एक खोली, तीन फ्रिज, एक स्टूल. तो एका फ्रिजच्या मागे बसला होता. न बघताच म्हणाला, “ठेवा तिथे, बघतो.” मग वळला. बारीक झालाय.
“या. बसा.”
‘या’! तीन वर्षं ‘तू’ म्हणणारा माणूस!
कागद दिला. हात पुसून त्याने तो पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटच्या रकान्याशी थांबला. “उणे,” एवढंच म्हणाला.
मी भाषण पाठ करून गेले होते. तोंडातून निघालं, “चुकले मी. आकड्यातही आणि जिन्यातही.”
तो फडक्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “शीतगृहातून फोन आला होता. परत या म्हणाले.”
“जाणार?”
“नाही. इथे बरं आहे. चहा घेणार?”
“नको.”
का नको म्हणाले? हवा होता.
आणि निघताना काय बोलावं मी! “जुन्या सर्टिफिकेटची प्रत परत करावी लागते. रद्दचा शिक्का मारायचा असतो. नियम आहे.” अशा वेळी नियम! माझी जीभ कापून ठेवली पाहिजे.
त्याचा हात फडक्यावर थांबला.
“परत करावीच लागते?”
“हो.”
“पाठवतो.”

१९ मार्च
काही आलं नाही.

२२ मार्च
ताई म्हणते, “एवढी वाट बघतेस, पोस्टमनलाच घरजावई करून घेऊ का?”

२४ मार्च
प्रत आली. चार घड्या, कडा मऊ झालेल्या. बरोबर चिठ्ठी नाही.
०.९ च्या आधीच्या अधिक चिन्हाभोवती पेन्सिलीने गोल. शेजारी त्याच्या अक्षरात गेल्या वर्षीची तारीख — ११ एप्रिल.
चौकशी चौदाला होती. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं, आणि तिथे त्याने हा कागद दाखवला नाही.
रद्दचा शिक्का मारला नाही. उद्या जातेय. कागद न घेता. चहा विचारला तर हो म्हणायचं.